बल्बाशेजारचा आकडा

दर्शना तांबे आली तेव्हा समाधान जगदाळे इस्मतआपांच्या स्वयंपाकघरात त्यांचा मिक्सर उघडून बसला होता. मिक्सरचं पातं अडकलं होतं, एवढाच त्याचा आजार. पण समाधाननं हौसेनं त्याचे सगळे स्क्रू काढले होते, आणि आता त्यातला एक सापडत नव्हता.

"आपा, मला एवढंच सांगा," दर्शना दारातच म्हणाली. "माझ्या एका भावाला माझ्या दुसऱ्या भावानं मारलं का?"

इस्मतआपांनी तिला हाताला धरून आत आणलं, पाणी दिलं आणि समोर बसल्या. घाई केली नाही.

इस्मत परकार मूळच्या चिपळूणच्या. मराठी शाळेत शिकल्या, अरबी घरी शिकल्या, आणि उमेदीची वर्षं त्यांनी मुंबईत एका खाजगी गुप्तहेर कचेरीत घालवली. नवरा गेल्यावर मुलाकडे रियाधला आल्या. तरी आपल्याकडच्या माणसांना अडचण आली की ती आपांचंच दार वाजवत. समाधान साताऱ्याचा, अल सुलैच्या एका गोदामात सुपरवायझर. शुक्रवारी सुट्टी, जवळ गाडी, आणि प्रत्येक गोष्टीवर तयार मत. आपांना त्याची गाडी उपयोगी पडे. मतंही पडत, पण वेगळ्या अर्थानं.

दर्शना इथल्या एका इस्पितळात नर्स होती. तिचा थोरला भाऊ वैभव पोहण्याचे तलाव दुरुस्त करी. रियाधमधल्या बंगल्यांतले पूल थंडीत ताडपत्री घालून झाकतात आणि उन्हाळा लागला की उघडतात. या सोमवारी तो असाच एक पूल उघडायला गेला, पाण्यात उभं राहून दिव्याची वायर सोडवताना त्याला विजेचा झटका बसला आणि तो जागीच गेला. मोटररूममध्ये, खटक्यांच्या पेटीपाशी, कादिर होता.

"कादिरभाऊ आमच्या पलीकडच्या मोहल्ल्यातले," दर्शना म्हणाली. "लहानपणीच वडिलांबरोबर इकडे आले, इकडेच वाढले. वैभव इथे आल्यावर गावाची ओळख निघाली, आणि मग दोघं एका ताटात जेवायला लागले. मी दोघांनाही राखी बांधते. वैभव मला चार ओळी लिहायचा, पण कादिरभाऊंना दिवसभर व्हॉइस मेसेज पाठवायचा. मी चिडवायचे, म्हणायचे, त्यांच्याशीच लग्न कर."

ती हसायला गेली आणि ते जमलं नाही.

"मग शंका का?" आपांनी विचारलं.

"त्या दिवशी सकाळी दोघांचं भांडण झालं. वैभव कायमचा गावी जाणार होता. कादिरभाऊ त्याला म्हणाले, जा, मर तिकडे. बंगल्याच्या ड्रायव्हरनं ऐकलंय. आणि पोलीस म्हणतात, भलताच खटका पाडला होता. उद्या मला जबाब द्यायचाय, घरच्यांचा कुणावर संशय आहे का म्हणून. मग मी वैभवला घेऊन घरी जाणार. बाबा दारात उभे असतील, विचारतील. काय सांगू त्यांना?"

"कळेल ते मी तुला सांगेन," आपा म्हणाल्या. "पण खरं कळलं की हलकं वाटतं असं नाही, पोरी. पुष्कळदा उलटंच होतं."

"तरी सांगा."

मिक्सर तसाच टाकून समाधाननं गाडीची किल्ली घेतली.

बंगला शहराच्या उत्तरेला होता. मालकाचा मुलगा फहाद स्वतः दार उघडायला आला. तिशीचा, डोळे जागरणानं लाल. घरच्या ड्रायव्हरांबरोबर वाढल्यामुळे त्याला हिंदी चांगलं येत होतं.

"तब से बच्चों को इधर आने नहीं दिया," तो म्हणाला आणि त्यांना पुलाकडे घेऊन गेला.

काम जिथल्या तिथे थांबलेलं होतं. ताडपत्री अर्धी गुंडाळलेली. पाणी दिव्याच्या खाली जाईल इतकं उपसलेलं, जे उरलं ते शेवाळानं हिरवंगार. थंडीभराच्या वादळांची वाळू तळाशी बसली होती आणि वर खजुरीची पानं तरंगत होती. क्लोरीनचे डबे सील न फोडता काठावर रांगेनं मांडले होते. लांब दांड्याचा ब्रश आडवा पडला होता. भिंतीत दिव्याची खोबण उघडी होती, त्यातून वायरीचा सोडवलेला जोड लोंबत होता. समाधान वैभवला ओळखत होता, त्याच्याबरोबर दोनदा क्रिकेट खेळला होता. त्यानं मान फिरवली.

"हा दिवा लागत होता का?" आपांनी विचारलं.

"नहीं. पिछली गर्मी से बंद. वही ठीक करना था."

"म्हणजे खटका वर असो की खाली, दिवा विझलेलाच दिसणार," आपा स्वतःशीच म्हणाल्या.

मोटररूम जमिनीखाली होती. पायऱ्या उतरून वाकून आत जावं लागे. भिंतीवर विजेची पेटी, तिच्यात एकाखाली एक खटके. वर मुख्य खटका. वैभवची किंकाळी ऐकल्यावर कादिरनं तो पाडला होता, आणि तेव्हापासून पेटीला कुणी हात लावला नव्हता. मुख्य खटका सोडून समाधाननं वरून मोजलं. चौथा खटका खाली होता. बाकीचे सगळे वर.

पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला जाड काळ्या मार्करनं एक बल्ब काढला होता. लहान मूल सूर्य काढतं तशी त्याला भोवती किरणं होती. शेजारी एकच आकडा: ६. दुसरं काही लिहिलेलं नव्हतं.

आपांनी त्यावरून बोट फिरवलं. बोटाला पिठासारखी धूळ लागली आणि कोळ्याचं जाळंही आलं. आकडा तसाच राहिला.

"हे कधी लिहिलं?"

"नवंबर में. पूल बंद करने वो अकेला आया था. कादिर तब दम्माम में था." फहादनं सुस्कारा टाकला. "अल्लाह रहम करे. गलती उसी बेचारे की है. लिखा है चार, बंद किया चार. उसने खुद गलत लिखा."

समाधानचे कान टवकारले. त्यानं पुन्हा आकडा पाहिला, पुन्हा फहादकडे पाहिलं. वर बागेत येईपर्यंत त्यानं तोंड कसंबसं मिटून ठेवलं.

"आपा, हा गडी धडधडीत खोटं बोलतोय! तिथे स्वच्छ सहा लिहिलंय. वैभवच्या माथी मारून मोकळा व्हायला बघतोय. यानंच काहीतरी केलंय."

"तुला सहा दिसला?"

"आंधळा आहे का मी?"

"बरं," आपा म्हणाल्या आणि ड्रायव्हरच्या खोलीकडे वळल्या.

ड्रायव्हर तौकीर लखनौकडचा, हिंदी बोलणारा, पण लिहिणं-वाचणं मदरशातलं, उर्दू-अरबीच. बागेच्या टोकाला त्याची खोली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक पिवळी वायर बागेवरून ओढत त्याच्या दाराखालून आत गेली होती.

"ही वायर कशाला?"

"मेरी लाइन उसी डब्बे से आती है, आपा. उस दिन से बंद है."

"त्या दिवशी काय काय झालं, अगदी क्रमानं सांग."

तौकीरनं डोळे मिटून आठवलं. "मैं चाय चढ़ा रहा था. बिजली की किटली बंद हो गई. मैंने सोचा, बिजली गई. बाहर से मरने वाले की आवाज़ आई, 'बंद?' नीचे से कादिर बोला, 'खलास!' फिर चीख आई." तो थांबला. "आपा, सुबह 'मर' बोला, फिर 'खलास' बोला. मैंने जो सुना वही पुलिस को बोला. मेरा क्या कसूर?"

"तू खाली गेलास?"

"चीख के बाद. कादिर तब तक मेन गिराकर पानी में कूद चुका था. उसको छोड़ता ही नहीं था."

गाडीत बसल्यावर समाधाननं आपलं मत बदललं. ते त्याला नेहमीच सोपं जाई.

"मग कादिरच. चौथा खटका तौकीरच्या खोलीचा. तो पाडून मुद्दाम 'खलास' म्हणाला. मराठी माणूस सहाला चार वाचेल का? चांगली आपल्यासारखी मराठी बोलतो तो."

"मारायचंच होतं तर कुठलाही खटका कशाला पाडायचा? नुसतं 'खलास' म्हटलं असतं तरी वैभवनं हात घातलाच असता."

"देखावा हो, आपा."

"कुणासाठी? तळघरात बघायला कोण होतं?"

समाधाननं पुढच्या गाडीवर हॉर्न वाजवला.

अल सुलैमध्ये गोदामांच्या मागे कामगारांचा कॅम्प होता. कादिर भिंतीला टेकून खाली बसला होता. समोरच्या खाटेवर वैभवची चादर घडी घालून ठेवलेली. दोन्ही खाटांच्या मधे गावाकडून आणलेलं मराठी कॅलेंडर, दुरून वाचता येतील असे मोठे तांबडे-काळे आकडे. कुणीतरी आणून ठेवलेली खिचडी ताटात वाळली होती.

"दर्शना बरी हाय?" त्यानं पहिलं हेच विचारलं. "काय खाते का?"

"नाही."

त्यानं मान खाली घातली. "आपा, मी बत्तीचा खटका पाडला. खुदाची कसम. वैभव वरनं बोलला, बल्ब काढून ठेवलाय बघ, त्याच्या बाजूचा आकडा पाड. मी बघितला, मोजला, पाडला. त्यानं विचारलं 'बंद?' मी बोललो 'खलास'. मग कसा झटका बसला? कोणीतरी तारा फिरवल्या आसतील. तुम्ही शोधा. मला फक्त येवढंच कळू दे."

"टेस्टर नव्हता?"

"माझ्या खिशात व्हता." त्यानं खिसा चाचपला. "त्यानं मागितलाच नाय. मी बंद बोललो की बंद. माझ्या शब्दावर हात घालायचा तो."

"भांडलात का?"

"गावाला चाललेला कायमचा. मी येकटा काय करू हितं? म्हणून बोललो, जा, मर. जिभेला हाड नसतं, आपा. आपण मायेच्या माणसालाच असं बोलतो."

आपा सहज विचारल्यासारखं म्हणाल्या, "थंडीत तुमचं काम कमी असतं ना? काय करायचात?"

कादिरच्या चेहऱ्यावर क्षणभर उजेड आला. "त्याला अरबी आकडे शिकवले मी. पोरासारखा खूश झालेला. रस्त्यानं जाताना गाड्यांच्या नंबरपाट्या मोठ्यानं वाचायचा. मी बोललो, आता तू पक्का सौदी झालास." तो उठून बसला. "दर्शनाचा जबाब कधी हाय?"

"उद्या."

"उद्या म्हंजे किती तारीख? दिवस कळत नाय मला आता."

कॅलेंडर त्याच्या नाकासमोर होतं. आपांनी तारीख सांगितली. त्यांचे डोळे भरून आलेले पाहून समाधान चमकला, कारण इतक्या वर्षांत त्यानं ते पाहिलं नव्हतं.

जिना उतरताना त्या म्हणाल्या, "दर्शनाला बोलावून घे. कादिरलाही गाडीत घे. परत बंगल्यावर जायचंय."

"कोण आहे, आपा? सांगा तरी."

"कुणीच नाही रे. तेच तर वाईट आहे."

ऊन कलायला लागलं होतं तेव्हा सगळे पुलाकाठी जमले. दर्शना एका टोकाला, कादिर दुसऱ्या. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. त्या हिरव्या पाण्याकडेही पाहिलं नाही. तौकीर आणि फहाद मधे. आपांच्या सांगण्यावरून फहादनं पेटीचं झाकण बिजागरीतून सोडवून वर आणलं होतं. काय चाललंय हे सगळ्यांना कळावं म्हणून आपा कधी मराठीत बोलत, कधी हिंदीत.

"आधी जे नाही ते बाजूला करू," त्या म्हणाल्या. "तौकीरनं काही केलेलं नाही. आपली वीज परत आणायला तो खाली गेला असता, तर चौथा खटका वर असता. तो अजून खाली आहे. तौकीर अजून बंगल्याच्या स्वयंपाकघरातून वीज घेतोय."

तौकीरनं छातीवर हात ठेवला.

"तारा कुणी फिरवलेल्या नाहीत. चौथा पाडल्याबरोबर तौकीरची किटली बंद पडली. म्हणजे चौथ्यावर त्याची खोली आहे, नेहमी होती तशी. वैभवचं लिहिणंही चुकलं नव्हतं. आता राहिलं 'खलास'. तौकीर, किंकाळी आधी का खलास आधी?"

"खलास पहले, आपा."

"आपल्याकडे माणूस मेला की खलास म्हणतात. पण इथे काम झालं की खलास म्हणतात, पहिल्या आठवड्यात सगळे शिकतात. वैभवनं 'बंद?' विचारलं, त्याचं ते उत्तर होतं. किटली आधीच बंद पडली होती. म्हणजे कादिरनं आधी खटका पाडला, मगच खलास म्हटलं. फसवणाऱ्याला खटका पाडायची गरजच नव्हती."

"पण चुकीचा पाडला!" समाधान न राहवून म्हणाला. "सहा लिहिलेला असताना!"

"फहादनं काय वाचलं होतं, आठव."

"चार म्हणाला. खोटं."

"खोटं बोलून त्याचा काय फायदा? दोघांपैकी कुणाशीच त्याचं वैर नव्हतं." आपांनी झाकण उभं धरलं. बल्ब आणि आकडा सगळ्यांना दिसेल असं. "तोंडानं कुणी बोलू नका. बल्बाशेजारी किती लिहिलंय ते बोटांनी दाखवा. सगळ्यांनी एकदम."

समाधाननं एक पंजा आणि वर एक बोट दाखवलं. दर्शनानंही तसंच. सहा.

फहादनं चार बोटं उभी केली. तौकीरनंही चार.

कादिरनं अंगठा दुमडून चार बोटं वर धरली होती. त्याची नजर दर्शनाच्या हातांवर गेली आणि तिथेच थांबली.

"अरबा," फहाद हळूच म्हणाला. "हमारा चार ऐसा ही लिखते हैं."

"हो. आपला मराठी सहा आणि यांचा अरबी चार, हातानं घाईत लिहिले तर सख्खे भाऊ." आपांचा आवाज खाली आला. "समाधान, तू म्हणालास, मराठी माणूस सहाला चार वाचेल का? वाचतो, जर त्याला मराठी बोलता येत असेल आणि वाचता येत नसेल. कादिर लहानपणी इथे आला. त्याचं वाचणं-लिहिणं सगळं इथलं. म्हणून वैभव बहिणीला लिहायचा आणि याला बोलून निरोप पाठवायचा. म्हणून मोठ्या आकड्यांचं कॅलेंडर समोर असून यानं मला तारीख विचारली."

"पण त्याला माहीत होतं ना, वैभव मराठीत लिहितो म्हणून?" दर्शनानं विचारलं. तिची बोटं अजून वरच होती.

"एरवी शंका आली असती. पण थंडीभर यानंच त्याला अरबी आकडे शिकवले होते. झाकणावरचा आकडा बघितला तेव्हा याला वाटलं, वा, माझा गडी अरबीत लिहायला लागला. कौतुकानं चार मोजले असतील यानं. आकड्यावर थंडीभराची धूळ होती, जाळं होतं. तो वैभव अरबी शिकण्याच्या आधीचा होता, नोव्हेंबरचा, वैभव एकटा आला होता तेव्हाचा. दिवा विझलेलाच, म्हणून चूक कळायला मार्ग नव्हता. आणि टेस्टर मागण्याइतका वैभवचा याच्यावर अविश्वास नव्हता."

समाधानला तोंडात आलेलं प्रत्येक वाक्य लाजिरवाणं वाटलं. सकाळपासून त्यानं दोन निरपराध माणसांना खुनी ठरवलं होतं. आणि आता खुनी कोणी नाही हे कळल्यावर ते जास्तच जड वाटत होतं.

कादिर स्वतःच्या चार बोटांकडे बघत होता.

"तो बोललेला," तो म्हणाला, "तू मला अरबी शिकवलंस, मी तुला मराठी शिकवतो. मी बोललो, आता नको, सीझन आलाय. पूल उघडले की बघू." तो काठावरच्या फरशीवर बसला. "दर्शना, मीच गं. माझ्याच हातानं. तू लिहून दे उद्या. माझं नाव लिहून दे."

फहादनं आपांना हलकेच विचारलं, पोलिसांना काय सांगायचं. आपांनी दर्शनाकडे पाहिलं. हे उत्तर त्यांचं नव्हतं.

दर्शना पुलाला वळसा घालून आली. आडवा पडलेला ब्रश तिनं उचलून भिंतीला टेकवून ठेवला. मग कादिरच्या समोर खाली बसली.

"आमची कुणावर तक्रार नाही, असं सांगा," ती म्हणाली. "बाबांनाही तेच सांगेन." मग कादिरला म्हणाली, "माफ केलं म्हणणार नाही मी. माफ करण्यासारखं तुम्ही काही केलंच नाहीत. मला रागवायला कुणीतरी हवं होतं, कादिरभाऊ. आता तेही नाही."

तो हुंदका देऊन रडायला लागला. त्याची चार बोटं अजून तशीच ताठ होती, मिटायची विसरून गेल्यासारखी. दर्शनानं त्याचा तो हात आपल्या हातात घेतला. दुमडलेला अंगठा हळूच सोडवून सरळ केला.

"हे चार," ती म्हणाली. "हा पाच."

मग तिनं आपलं एक बोट त्याच्या अंगठ्याशेजारी उभं केलं.

"आणि हा सहा. म्हणा."

कादिरला ते म्हणायला फार वेळ लागला. पण ती थांबली.

"सहा," तो म्हणाला.